इंदूरचं सोनखत

मराठीत सोनखत असा एक शब्द आहे. शेणखत म्हणजे शेणाचं खत, लेंडीखत म्हणजे शेळ्यामेंढ्यांच्या लेंड्यांचं. सोनखत मात्र सोन्याचं नव्हे, माणसाच्या मैल्याचं. ज्याने कोणी हा शब्द पहिल्यांदा वापरला त्याला शेती कळत होती आणि संकोचही कळत होता. मैल्याची किंमत त्याला पक्की ठाऊक होती, पण नाव तोंडाने घ्यायचं नव्हतं. तेव्हा त्याने सरळ सोनं म्हणून टाकलं. तो मैला डोक्यावरून वाहून नेणाऱ्या माणसासाठी मात्र भाषेला असा सोन्याचा शब्द सुचला नाही. त्याच्यासाठी जे शब्द होते ते आज छापवत नाहीत.

माझं आजोळ इंदूरचं. होळकरांच्या मागोमाग माळव्यात गेलेल्या शेकडो मराठी घरांपैकी एक. घरात मराठी, दाराबाहेर हिंदी, आणि दोन्हींवर इंदुरी हेल. हे शहर देशातलं सर्वांत स्वच्छ शहर म्हणून 2017 पासून वर्षानुवर्षं गाजतं आहे, आणि पाहुणा आला की मामा त्याला राजवाड्याआधी कचऱ्याची गाडी दाखवतात. त्यांना वाटतं ही गोष्ट 2016-17 ला सुरू झाली. मला ती शंभर वर्षं मागे जाताना दिसते. कचऱ्याचं काय करायचं याचं उत्तर इंदूरने तेव्हाच शोधलं होतं आणि जगाला दिलंही होतं. अडलं ते दुसऱ्याच एका प्रश्नावर.

पहिला प्रसंग 1917 च्या दिवाळीचा. इंदुरात प्लेगने ठाण मांडलं होतं. गादीवर तिसरे तुकोजीराव होळकर होते. नगररचनेसाठी त्यांच्या दरबाराने पॅट्रिक गेडिस या स्कॉटिश गृहस्थाला बोलावलं होतं. गेडिस मूळचे जीवशास्त्रज्ञ. नकाशे घेऊन गल्लीबोळांतून हिंडत. लोकांचा समज असा, की हा म्हातारा साहेब जिथे हिंडतो तिथली घरं पाडतात. समज अगदीच खोटा नव्हता. प्लेगच्या नावाखाली घरं उघडी करण्याचा, पाडण्याचा अनुभव त्या काळच्या बहुतेक शहरांना होता. पुण्याला 1897 मध्ये त्यावरून काय घडलं ते मराठी वाचकाला सांगायला नको.

गेडिसनी एक विलक्षण मागणी केली: मला एका दिवसापुरता महाराज करा. ती मान्य झाली. त्यांनी दवंडी पिटवली की यंदाची दिवाळीची मिरवणूक ना हिंदूंच्या ठरलेल्या वाटेने जाईल, ना मुसलमानांच्या. ज्या भागातली घरं सर्वांत जास्त साफ आणि दुरुस्त झालेली असतील, त्या भागातून ती जाईल. शहर कामाला लागलं. घराघरांतून, वाड्यावाड्यांतून गाड्याच्या गाड्या भरून कचरा निघाला. मिरवणुकीत हत्ती होते, घाणीचा राक्षस होता, प्लेगचा भलामोठा उंदीर होता. (नरकचतुर्दशीला घाणीचा राक्षस मारणं आपल्याला अवघड जाऊ नये, नरक या शब्दाचा मराठीत दुसरा अर्थ मैला असाच आहे.) आणि या सगळ्यांत शहराचे झाडूवाले होते. पांढरेशुभ्र नवे कपडे, नवी पागोटी, झाडूंना फुलांचे हार.

त्या दिवशी शहराने त्यांच्याकडे सणाच्या पाहुण्याकडे पाहावं तसं पाहिलं असेल. आपल्याकडे लक्ष्मीपूजनाला नवी केरसुणी आणून तिला हळदकुंकू वाहतात, तीच लक्ष्मी. पूजा केरसुणीची होते, ती धरणाऱ्या हाताची कधी होत नाही. गेडिसनी एक दिवस ती केली. दुसऱ्या दिवशी काय झालं असेल ते सांगायला इतिहासकार लागत नाही.

पुढच्याच वर्षी, 1918 मध्ये, गेडिसचा इंदूर दरबारासाठीचा दोन खंडांचा अहवाल आला. नगररचनेचे विद्यार्थी तो अजून वाचतात. जमिनीखालच्या महागड्या गटारांवर पैसा ओतून मैला नदीत सोडण्यापेक्षा तो बागांना, मळ्यांना द्यावा, असं त्यात मांडलं होतं. युरोपची रीत सगळं गटारात घालण्याची आणि पूर्वेची सगळं मातीत घालण्याची, आणि गेडिसचा कौल मातीच्या बाजूने. विचार नवा नव्हता. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पुण्यात मैला राखेत मिसळून, उन्हात वाळवून त्याची पूड करत, आणि कालव्यावरचे उसवाले ती विकत घेत. सुरुवातीला नाकं मुरडली गेली, पण उसाने उत्तर दिल्यावर नाकं सरळ झाली. हिशोबाला शिवाशिव नसते.

पण वाळवलेली पूड म्हणजे शास्त्र नव्हे. त्यात माश्या होत्या, रोगराई होती, निम्मं सत्त्व उन्हात उडून जाई. शास्त्र यायला आणखी काही वर्षं लागली, आणि ते आलं इंदुरातच.

अल्बर्ट हॉवर्ड 1905 साली हिंदुस्थानात आले ते बिहारातल्या पुसा इथे सरकारी वनस्पतिशास्त्रज्ञ म्हणून. पत्नी गॅब्रिएल स्वतः तोलाच्या वनस्पतिशास्त्रज्ञ. दोघांनी मिळून गव्हाच्या सुधारित जाती काढल्या. पण हॉवर्डना खटकत होतं ते संशोधनाचं खातेवाटप: पिकाचा तज्ज्ञ वेगळा, किडीचा वेगळा, मातीचा वेगळा, आणि शेतकरी या सगळ्यांच्या बाहेर उभा. 1924 साली इंदुरात कापूस समितीच्या आणि मध्य भारतातल्या संस्थानांच्या पैशावर एक वनस्पती-उद्योग संस्था निघाली आणि हॉवर्ड तिचे प्रमुख झाले. जमीन होळकर दरबाराची. इथे त्यांच्या डोक्यावर कुठलं खातं नव्हतं.

माळव्याची काळी माती, कपाशीचं पीक. कपाशी वेचून झाली की शेतात पऱ्हाट्या उरतात. लाकडासारख्या कडक, कुजता कुजत नाहीत. त्या चुलीत जातात. शेणाच्या गोवऱ्या होतात, त्याही चुलीतच जातात. जमिनीला परत काय मिळतं? जवळजवळ काहीच नाही. हॉवर्डनी चिनी शेतकऱ्यांविषयी वाचलं होतं. फ्रँकलिन किंग या अमेरिकन मृदाशास्त्रज्ञाचं त्यावरचं पुस्तक 1911 मध्ये निघालं होतं. चाळीस शतकं तीच जमीन कसून ती थकली नाही, कारण चिनी माणूस जमिनीतून घेतलेलं सगळं, अगदी स्वतःच्या पोटातलंसुद्धा, जमिनीला परत करत होता.

इंदूरच्या शेतावर उत्तर तयार झालं ते आधी रस्त्यावर. पऱ्हाट्या मोडायला यंत्र आणायचं तर शेतकऱ्याला परवडणार नाही. म्हणून त्या रस्त्यावर पसरायच्या. येणाऱ्याजाणाऱ्या बैलगाड्यांची चाकं त्यांचा भुगा करतील. गोठ्यात फरशीऐवजी माती अंथरायची. गोमूत्र त्यात मुरतं, आणि मुरलेली माती हेच मोलाचं द्रव्य. मग तीसेक फूट लांब, चौदा फूट रुंद, दोन-तीन फूट खोल खड्डे. त्यांत थर: मोडलेल्या पऱ्हाट्या, तण, पाचट, पालापाचोळा, त्यावर शेण, गोमूत्राची माती, लाकडाची राख, त्यावर पाणी. आणि विरजण. दुधाला लागतं तसंच: दहा-पंधरा दिवसांच्या जुन्या ढिगातला बुरशी चढलेला मूठभर माल नव्या ढिगात कालवायचा. ढीग तापतो, साठ अंशांच्या वर जातो. हात घालून ठेववत नाही. माश्यांच्या अळ्या, रोगजंतू, तणाचं बी त्या उष्णतेत मरतं. तीन वेळा उलथापालथ करायची, हवा खेळवायची. पावसाळ्यात खड्ड्यात पाणी साचतं म्हणून ढीग जमिनीवर रचायचे. तीन महिन्यांत काळसर, भुसभुशीत, मातीच्या वासाचं खत.

यातला रासायनिक भाग तोलून देणं, म्हणजे कर्ब आणि नत्र यांचं प्रमाण कुठे बसलं की ढीग पेटतो आणि कुठे बिघडलं की सडतो हे ठरवणं, हे प्रयोगशाळेतलं काम होतं. 1931 साली ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसने जे पुस्तक काढलं, ‘द वेस्ट प्रॉडक्ट्स ऑफ ॲग्रिकल्चर’, त्यावर दोन नावं आहेत. एक अल्बर्ट हॉवर्ड. दुसरं यशवंत वाड, संस्थेतले रसायनशास्त्राचे मुख्य साहाय्यक.

हे दुसरं नाव मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा थबकलो. मराठी कानाला इतकं ओळखीचं नाव, आणि मराठीत त्यांच्याविषयी चार ओळीही माझ्या वाचनात आल्या नव्हत्या. हॉवर्ड त्याच वर्षी विलायतेला परतले. 1934 मध्ये ‘सर’ झाले, सेंद्रिय शेतीचे जनक म्हणून जगभर गेले. गॅब्रिएल त्याआधीच, 1930 मध्ये, वारल्या होत्या. पद्धतीला हॉवर्डनी स्वतःचं नाव दिलं नाही, संस्थानाचं दिलं: इंदूर पद्धत. हा त्यांचा मोठेपणा. पण शहराचं नाव दिलं की त्या शहरातल्या माणसांची नावं आपोआप पुसली जातात, असंही होतं. आफ्रिकेतल्या कॉफीच्या मळ्यांवर इंदूर पोचलं. वाड इंदुरातच राहिले.

पण त्यांचं पुढचं काम मला पहिल्याहून महत्त्वाचं वाटतं. शेतातला कचरा झाला, आता गावातला. जॅक्सन आणि वाड या दोघांनी इंदूर रेसिडेन्सीच्या भागात, इंदूर शहरात आणि माळवा भिल्ल कोअरच्या छावणीत हीच पद्धत घरांतून निघणारा कचरा आणि मैला यांना लावून पाहिली. 1934 साली त्यावर पत्रिका निघाली. वस्तीतल्या टाकाऊ द्रव्यांची आरोग्यदायी विल्हेवाट आणि शेतीसाठी उपयोग, असं तिचं शीर्षक. कचऱ्याचा थर, त्यावर मैल्याचा पातळ थर, पुन्हा कचरा. ढीग तापतो, दुर्गंधी जाते, माशी मरते, आणि शेवटी हाती येतं ते खत. कलकत्त्याजवळ टॉलीगंजलाही असे प्रयोग झाले. म्हणजे 1930 च्या दशकाच्या मध्यावर, शहराच्या घाणीचं काय करावं, या प्रश्नाचं स्वस्त, सिद्ध आणि देशी उत्तर टेबलावर होतं.

शीर्षकात दोन प्रश्न आहेत, आरोग्याचा आणि शेतीचा. तिसरा नाही. मैला घरापासून खड्ड्यापर्यंत कोण आणतं?

खड्डा कितीही शास्त्रशुद्ध असला, तरी त्याच्या काठापर्यंतची वाट तीच जुनी होती. मागच्या दाराचा संडास, पत्र्याचा डबा किंवा टोपली, डोकं. पहाटेची वेळ, कारण उजेडात कोणाला ते बघायचं नसे. पावसाळ्यात टोपली गळे. या कामाला जी माणसं लावली जात ती जातीने ठरलेली होती, आणि पद्धतीत सुधारणा झाली म्हणून त्यांची जात सुधारत नव्हती. उलट एक भीती होती. मैल्याला किंमत आली की तो वाहणारा हात शहराला आणखी हवासा होतो. सोनखत सोन्याचं झालं तर ते आणणाऱ्याला कोण सोडेल?

इंदूरपासून वीसेक किलोमीटरवर महू आहे. तिथल्या लष्करी छावणीत 1891 मध्ये भीमराव आंबेडकरांचा जन्म झाला. कचऱ्याच्या इतिहासात हे सांगायचं कारण असं, की या तिसऱ्या प्रश्नावर विसाव्या शतकातला सर्वांत खरा वाद गांधी आणि आंबेडकर यांच्यातच झाला. गांधींनी 1936 मध्ये ‘हरिजन’मध्ये आदर्श सफाई कामगार कसा असावा यावर लिहिलं, त्याला स्वच्छतेचं शास्त्र यावं, मैल्याचं खत करता यावं, हे काम पवित्र आहे. आंबेडकरांनी पुढे 1945 च्या आपल्या पुस्तकात या भूमिकेचा समाचार घेतला. काम पवित्र आहे असं त्याच माणसांना सांगणं, ज्यांना ते सोडायची मुभा नाही, ही त्यांची थट्टा आहे, असा त्यांच्या युक्तिवादाचा रोख होता. मला या वादात आंबेडकरांचं पटतं. पण गांधींच्या बाजूच्या एका माणसाकडे बघितल्याशिवाय तो विषय सोडता येत नाही.

अप्पासाहेब पटवर्धन. कोकणस्थ ब्राह्मण, एम.ए. 1932 मध्ये रत्नागिरीच्या तुरुंगात त्यांनी मैला साफ करण्याचं काम मागितलं. तुरुंगाच्या नियमात ते बसेना, कारण तुरुंगातही ते काम ठरावीक जातींच्या कैद्यांसाठी राखलेलं होतं. अप्पांनी अन्न सोडलं. डिसेंबरात येरवड्यात असलेल्या गांधींनीही त्यांच्यासाठी उपवास केला. आंबेडकरांच्या आक्षेपाची धार इथे थोडी बोथट होते, कारण इथे पवित्र म्हणणारा माणूस ते काम स्वतः मागत होता. आणि पुढे अप्पांनी त्याहून मोठी गोष्ट केली, ती म्हणजे हे कामच नको म्हणून खटपट. स्वातंत्र्यानंतर कणकवलीला गोपुरी आश्रमात त्यांनी ‘सोपा संडास’ नावाचा प्रकार लोकांपुढे ठेवला: मैला जागच्या जागी मुरावा, त्याचं खत व्हावं, आणि मधला माणूस लागूच नये. अप्पांच्या संडासाने डोकं आणि टोपली दोन्ही सुटी केली.

मधला माणूस लागू नये. एवढं साधं वाक्य शासनाच्या कागदावर यायला फार वेळ लागला. मुंबई सरकारने 1949 मध्ये वि. ना. बर्वे यांच्या अध्यक्षतेखाली सफाई कामगारांच्या राहणीची चौकशी करणारी समिती नेमली. तिचा अहवाल 1952 चा. डोक्यावरून मैला वाहणं बंद करा, ढकलगाड्या द्या, असं बर्व्यांनी सांगितलं. केंद्राने 1955 मध्ये त्या शिफारशी सगळ्या राज्यांना धाडल्या. 1960 मध्ये मलकानी समितीला पुन्हा तेच सांगावं लागलं. हे काम करून घेण्यावर बंदी घालणारा कायदा झाला 1993 मध्ये, आणि तो पुरला नाही म्हणून दुसरा 2013 मध्ये. इंदूरचं खत तीन महिन्यांत तयार होई.

एव्हाना खुद्द त्या खताचेही दिवस फिरले होते. बंगलोरच्या विज्ञान संस्थेत सी. एन. आचार्य यांनी 1939 मध्ये दुसरी पद्धत बसवली. थर लावायचे, वरून मातीने लिंपायचं आणि उलथापालथ न करता महिनोन्महिने तसंच ठेवायचं. वेळ जास्त, मजुरी कमी. नगरपालिकांना ती सोयीची पडली. चाळिशीत अन्नधान्याची ओढ लागली तेव्हा केंद्र सरकारने शहरी कंपोस्टची मोहीमच काढली. मग 1951 मध्ये सिंद्रीचा खतकारखाना सुरू झाला, गोणीत पांढरं खत आलं, आणि काळ्या खताची गाडी मागे राहिली. ते पूर्ण विसरलं गेलं नाही, एवढंच. यवतमाळ जिल्ह्यात पुसदला नारायण देवताव पांढरीपांडे नावाच्या गांधीवादी शेतकऱ्याने भोकं ठेवून रचलेल्या विटांच्या टाक्यात थोड्या शेणात भरपूर खत करण्याची रीत बसवली. नावाच्या आद्याक्षरांवरून ती नाडेप म्हणून देशभर गेली. लोक त्यांना नाडेपकाका म्हणत. ती टाकी आजही खेड्यांत दिसते, बहुतेक ठिकाणी सरकारी योजनेची पाटी लावलेली आणि रिकामी.

शहरात मात्र ढिगाचा स्वभावच बदलला. जुन्या घराचा कचरा म्हणजे मुख्यतः राख, भाजीची देठं, केर. उरलेलं बाहेर पडतच नसे. कागद रद्दीवाला नेई. जुनी लुगडी आणि धोतरं बोहारीण नेई आणि त्या बदल्यात स्टीलचं पातेलं देई. माझी आजी तिच्याशी तासभर घासाघीस करे, आणि दोघींनाही तो तास आवडत असावा. बाटल्या, पत्रा भंगारवाल्याकडे. इंदूरच्या सराफ्यात तर गल्लीतली धूळही फुकट जात नसे. सोनारांच्या दारातला केर धुऊन त्यातले सोन्याचे कण काढणारी माणसं होती. मराठीत त्यांना झारेकरी म्हणतात, तिकडे न्यारिया. म्हणजे कचरा वेगळा करण्याचं शास्त्र आपल्याकडे होतंच, आणि तेही जातवार वाटलेलं. यशवंत वाडांच्या खड्ड्यात प्लास्टिक आलं नाही याचं श्रेय या सगळ्यांना आहे.

सत्तरच्या दशकात केंद्राच्या मदतीने मोठ्या शहरांत यांत्रिक कंपोस्टचे कारखाने उभे राहिले आणि बहुतेक बंद पडले. यंत्रात सगळा कचरा एकत्र जाई आणि खतातून काचा निघत. शेतकरी एकदा फसतो, दुसऱ्यांदा नाही. मग उरलं ते शहराबाहेरचं मैदान. इंदूरचं मैदान देवगुराडियाला. टेकडीवर महादेवाचं जुनं देऊळ, पायथ्याशी कचऱ्याचे डोंगर. लहानपणी तिकडे गेलो की मोटारीच्या काचा वर करायच्या, असा मामांचा हुकूम असे. डोंगरावर माणसं वाकून काहीतरी वेचताना दिसत. आम्ही मुलं ती मोजायचो.

मराठीत म्हण आहे, उकिरड्याची दैना बारा वर्षांनीही फिटते. देवगुराडियाला बारांहून बरीच जास्त लागली. अल्मित्रा पटेल यांनी 1996 मध्ये सर्वोच्च न्यायालयात याचिका केली, त्यातून 2000 चे घनकचऱ्याचे नियम आले, पुढे 2016 चे. ओला, सुका आणि घरगुती धोकादायक कचरा घरातच वेगळा करायचा, हॉटेलं आणि मोठे व्यावसायिक यांनी आपल्या ओल्या कचऱ्याची जबाबदारी स्वतः घ्यायची. नियम सगळ्या शहरांना सारखेच. इंदूर 2016 च्या सर्वेक्षणात पंचविसावं होतं, 2017 मध्ये पहिलं. मधल्या काळात कुंड्या काढल्या, दारोदार गाड्या सुरू केल्या, आणि मिसळलेला कचरा घ्यायला नकार दिला. तो नकारच सगळ्यात कठीण. पुढे देवगुराडियाचा दहा लाख टनांहून जास्त जुना कचरा चाळून काढला. तिथेच फेब्रुवारी 2022 पासून ओल्या कचऱ्यापासून गॅस करणारा, रोज 550 टन क्षमतेचा प्रकल्प चालतो. गॅसवर शहरातल्या बसगाड्या धावतात आणि उरलेल्याचं खत होतं. काचा येत नाहीत, कारण त्या स्वयंपाकघरातच वेगळ्या पडतात. हॉवर्ड-वाडांचा ढीग नव्वद वर्षांनी पुन्हा पेटला, असं म्हणायला हरकत नाही. आता त्याला झाकण आहे.

मामांचा अभिमान मला पटतो. छप्पन दुकानच्या फूटपाथवर पोहे-जिलेबी खाऊन द्रोण टाकायला डबा शोधावा लागत नाही, ही साधी गोष्ट नाही. पण या यशाची गोष्ट सांगताना आकडे असतात टनांचे, गाड्यांचे, क्रमांकांचे. वेचणाऱ्या माणसांचं काय झालं हे त्या गोष्टीत जेमतेम एका वाक्यात येतं: त्यांना सामावून घेतलं. हे वाक्य कसं पोकळ नसतं हे मला पुण्यात कळलं. तिथे 1993 मध्ये कागद काच पत्रा वेचणाऱ्या बायांनीच कष्टकरी पंचायत उभी केली. बाबा आढाव पाठीशी होते. ओळखपत्र मागितलं, ते मिळवलं, आणि पुढे 2008 च्या सुमारास ‘स्वच्छ’ या सहकारी संस्थेतून दारोदार कचरा गोळा करण्याचं कंत्राट स्वतःकडे घेतलं. पुणं पहिलं आलं नाही. रस्ते इंदूरइतके लखलखीत नाहीत. पण आमच्या सोसायटीत येणाऱ्या बाई दर महिन्याला घरटी पैसे मागतात तेव्हा हक्काने मागतात, आणि कोणी कचरा एकत्र दिला तर जिन्यावर उभ्या राहून सगळ्या मजल्यांना ऐकू जाईल असं सुनावतात. गेडिसच्या मिरवणुकीतल्या माणसांना एका दिवसाचे नवे कपडे मिळाले होते. या बाईंना भांडता येतं.

गेल्या दिवाळीत मी रामबागेत मावशीकडे होतो. रामबाग म्हणजे इंदूरची मराठी वस्ती. सकाळी गाडीचं गाणं वाजायला लागलं की मावशी चहा अर्धा टाकून उठते. तिला सहाही प्रकार तोंडपाठ आहेत: ओला, सुका, प्लास्टिक, इलेक्ट्रॉनिक, धोकादायक, सॅनिटरी. लक्ष्मीपूजनाच्या आदल्या दिवशी गाडीवाल्याला द्यायची फराळाची पिशवीही तिने वेगळी भरून ठेवली होती. त्याचं नाव काय, म्हणून मी विचारलं. ती म्हणाली, गाडीवाला. किती वर्षं येतोय? ती विचार करून म्हणाली, पहिल्यापासून.

मीच डबे घेऊन खाली गेलो. तरुण मुलगा, हातमोजे, जाकिटावर महापालिकेचं नाव. फराळ दिला, नाव विचारलं. त्याने सांगितलं. आडनाव सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. मग त्याने माझा ओला डबा गाडीच्या काठावर तिरका धरला, हात घालून केळीच्या सालींखालून भिंतीवरच्या घड्याळाची जुनी बॅटरी काढली, आणि माझ्या तळहातावर ठेवत म्हणाला, “भिया, ये इसमें नी आएगी.”